खात्री किती, सल्ला किती ठाम

१९६०च्या दशकात न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात ग्रॅहॅम लिगिन्स नावाचे प्रसूतितज्ज्ञ मेंढ्यांवर प्रयोग करत होते. बाळंतपणाच्या कळा नेमक्या कशाने सुरू होतात, हे त्यांना शोधायचं होतं. पोटातल्या कोकराला ठरावीक संप्रेरकं दिली की मेंढी दिवस भरायच्या आधीच विते, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. अशाच एका खेपेला जन्मलेलं कोकरू इतक्या अपुऱ्या दिवसांचं होतं, की ते मेलेलंच मिळायला हवं होतं. ते श्वास घेत होतं. कळांचा शोध बाजूला राहिला आणि लिगिन्स यांचं लक्ष फुप्फुसांकडे गेलं. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना सोबत घेऊन त्यांनी अकाली प्रसूतीच्या उंबरठ्यावर असलेल्या २८२ स्त्रियांवर चाचणी केली. कोणाला स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं आणि कोणाला नाही, हे ना डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवलं, ना रुग्णांच्या. ते निव्वळ योगायोगावर सोडलं. आपसूक कळा सुरू झालेल्या स्त्रियांच्या बाळांत पहिल्या आठवड्यातले मृत्यू इंजेक्शन न घेतलेल्या गटात १५ टक्के होते, घेतलेल्या गटात ३.२ टक्के.

ही चाचणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. पुढची वीसेक वर्षं जगभरच्या बहुतेक प्रसूतिगृहांनी तिच्याकडे काणाडोळा केला.

त्याला निव्वळ आळस म्हणता येणार नाही. गरोदर बाईला स्टेरॉइड देताना कोणाचाही हात अडखळेल. शिवाय नंतर झालेल्या बऱ्याच चाचण्या लहान होत्या. त्या सुट्या वाचल्या तर काहींतून ‘फायदा आहे असं ठामपणे म्हणता येत नाही’ इतकंच निघायचं. एकत्र मांडल्या तर शंकेला जागा उरत नव्हती. पण मांडणार कोण? आर्ची कॉक्रन या स्कॉटिश डॉक्टरांनी १९७९ साली आपल्या व्यवसायबंधूंना नेमका हाच टोमणा मारला होता: प्रत्येक शाखेतल्या चाचण्यांचा चिकित्सक गोषवारा काढायची आणि तो ताजा ठेवायची व्यवस्था वैद्यकाने उभीच केलेली नाही. सर्वांत कमी शास्त्रशुद्ध शाखा म्हणून बक्षिसादाखल लाकडी चमचा त्यांनी प्रसूतिशास्त्राला देऊ केला. हा टोमणा मनावर घेणाऱ्यांत ऑक्सफर्डचे इअन चामर्स होते. त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसूती आणि नवजात बाळांविषयीच्या चाचण्या गोळा करायचं काम हाती घेतलं. स्टेरॉइडच्या डझनभर चाचण्यांचा एकत्रित आढावा १९९०मध्ये छापून आला, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांची सहमती परिषद १९९४ साली भरली, आणि मग कुठे हे इंजेक्शन सर्रास दिलं जाऊ लागलं. कॉक्रन यांच्या नावाने १९९३ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या बोधचिन्हात आजही त्या चाचण्या आहेत. एका वर्तुळात काही आडव्या रेघा दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक चाचणी. रेघ जितकी लांब तितकी अनिश्चितता जास्त. मधली उभी रेघ ‘काही फरक नाही’ असं सांगणारी, आणि तळाशी तिच्या डावीकडे सरकलेला छोटा हिरा म्हणजे सगळ्या चाचण्यांचा मिळून निघालेला निष्कर्ष. तो हिरा काढायला उशीर झाला, त्या वर्षांत श्वास न लागून दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा हिशोब कोणाच्याही वहीत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर ‘पुरावे गोळा करा आणि त्याप्रमाणे वागा’ एवढ्यावर हे पुस्तक आटोपलं असतं. पण या गोष्टीला दुसरा अंक आहे, आणि त्यात महाराष्ट्रही आहे.

श्रीमंत देशांत सिद्ध झालेलं हे स्वस्त इंजेक्शन गरीब देशांतल्या छोट्या आरोग्यकेंद्रांपर्यंत, दाई आणि परिचारिकांपर्यंत नेलं तर लाखो बाळं वाचतील, असा हिशोब २००० नंतर मांडला जाऊ लागला. भारत सरकारने २०१४ साली एएनएमना, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिकांना, रुग्णालयात पाठवण्याआधीचा पहिला डोस द्यायची मुभा देणाऱ्या सूचना काढल्या. त्याच सुमारास अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि भारत या सहा देशांत एक मोठी चाचणी चालू होती. भारतातली तिची दोन केंद्रं होती नागपूर आणि बेळगाव. काही भागांत दाया, परिचारिका आणि डॉक्टरांना अकाली प्रसूती ओळखायचं आणि इंजेक्शन द्यायचं प्रशिक्षण मिळालं. बाकीच्या भागांत नेहमीचीच सेवा चालू राहिली. सुमारे एक लाख बाळंतपणांचा हा निकाल २०१५मध्ये आला, तेव्हा तज्ज्ञांचे चेहरे उतरले. सर्वांत लहान बाळांच्या मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. सगळी बाळं मिळून पाहिली तर प्रशिक्षण दिलेल्या भागांत पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू हजारी २७.४ होते, नेहमीच्या भागांत २३.९. मातांमधला संसर्गाचा संशयही वाढलेला होता.

सिद्ध झालेल्या औषधाने नुकसान कसं केलं? औषध तेच होतं. ते ज्या जगात गेलं ते जग निराळं होतं. सोनोग्राफी नाही, शेवटच्या पाळीची तारीख नीट आठवत नाही, पोटाच्या उंचीवरून दिवस मोजायचे. त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळं तेवढी लहान नव्हतीच. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला ऊब, ऑक्सिजन, प्रतिजैविकं देणारी खोली जवळपास असेलच याचीही खात्री नव्हती. नेमकं काय बिनसलं यावर आजही वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी सल्ला दिला, पण अटी घालून: गर्भाचं वय अचूक कळत असेल, प्रसूती खरोखर जवळ आलेली असेल, आईला संसर्ग नसेल, बाळंतपणाची आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काळजी घ्यायची सोय असेल, तरच. मग पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत नवी चाचणी झाली. त्यात भारत होता, बेळगाव पुन्हा होतं. या वेळी सोनोग्राफीने वय ठरवूनच स्त्रियांना सामील केलं. २८५२ स्त्रिया. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. म्हणजे साधारण पंचवीस स्त्रियांना इंजेक्शन दिलं की एक बाळ जास्तीचं वाचतं. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवून २०२० साली निकाल जाहीर झाला.

वैद्यकीय पुराव्याची प्रतवारी हा या पुस्तकाचा विषय. तो रुक्ष वाटू शकतो: तक्ते, चिन्हं, समित्यांच्या बैठका. पण ऑकलंड ते नागपूर या प्रवासात जे जे घडलं, ते सगळं या तक्त्यांच्या रकान्यांत बसलेलं आहे. एक चाचणी पुरेशी का नसते? दहा चाचण्या एकमेकींशी भांडल्या तर काय करायचं? दुसरीकडच्या रुग्णांवर सिद्ध झालेलं इथल्या रुग्णांना लागू करायचं का? आणि सर्वांत अवघड: खात्री अर्धवट असताना डॉक्टरने रुग्णाला काय सांगायचं?

प्रतवारीचा पहिला गाजलेला प्रयत्न १९७९ साली कॅनडात झाला. निरोगी माणसाने नियमितपणे कुठल्या तपासण्या करून घ्याव्यात हे ठरवण्यासाठी तिथे एक कृतिदल नेमलं होतं. ‘दरवर्षी संपूर्ण तपासणी’ या प्रथेला आधार काय, असं विचारायचं धाडस त्यांनी केलं आणि उत्तरासाठी एक शिडी बांधली. सर्वांत वर यादृच्छिक, म्हणजे योगायोगाने गट पाडलेली, चाचणी. त्याखाली इतर तऱ्हेचे अभ्यास. तळाशी मान्यवरांचं मत. प्रत्येक शिफारशीला अ ते इ अशी अक्षरं. कल्पना सोपी होती, म्हणून ती पसरली. फारच पसरली. वीस वर्षांत प्रत्येक देशाच्या, प्रत्येक विशेषज्ञांच्या संघटनेने आपापली शिडी बांधली. झडपांच्या संधिवाती विकाराबरोबर हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णाला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या द्याव्यात, या एकाच सल्ल्याला एका संघटनेने पुरावा ‘ब’ आणि शिफारस पहिल्या वर्गाची असं म्हटलं, दुसरीने ‘अ’ आणि १, तिसरीने चौथ्या पायरीचा पुरावा आणि ‘क’ शिफारस. रुग्ण तोच, गोळी तीच, अभ्यासही तेच. हा विकार भारतातल्या सरकारी रुग्णालयांत रोज दिसतो. तिथल्या निवासी डॉक्टरने यातलं कुठलं अक्षर पाहायचं?

शिडीत आणखी एक खोट होती. ती फक्त अभ्यासाची जात पाहायची, गुण नाही. चाचणी यादृच्छिक असली की तिला वरची पायरी, मग ती कितीही गचाळ केलेली असो.

या गोंधळातून २००० साली एक अनौपचारिक गट जमला. गॉर्डन गायट, अँड्र्यू ऑक्समन, होल्गर शूनमन ही त्यातली ठळक नावं. त्यांनी आखलेली पद्धत ‘ग्रेड’ या नावाने ओळखली जाते आणि आज जागतिक आरोग्य संघटनेपासून कॉक्रनपर्यंत शंभरावर संस्था ती वापरतात. तिचं मूळ सूत्र असं, की पुराव्यावर खात्री किती आणि सल्ला किती ठाम हे दोन वेगळे निवाडे आहेत, आणि ते वेगळेच लिहायचे. खात्रीच्या चार पायऱ्या: उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. सल्ल्याच्या दोनच: ठाम किंवा सशर्त, करा या बाजूने किंवा करू नका या बाजूने. दुसरं असं, की पायरी कागदाला मिळत नाही, परिणामाला मिळते. एकाच औषधाने मृत्यू कमी होतात याबद्दल खात्री उच्च असू शकते आणि त्याच औषधाने मूत्रपिंड बिघडतं का याबद्दल अतिशय कमी.

यादृच्छिक चाचण्यांचा पुरावा ‘उच्च’पासून सुरू होतो, निरीक्षणातून आलेला ‘कमी’पासून. मग चढउतार. खाली आणणारी कारणं पाच. चाचणी सदोष असणं हे पहिलं, आणि त्यात नवल नाही: गट पाडताना हातचलाखी झाली, कोण कुठल्या गटात ते सगळ्यांना ठाऊक होतं, अर्धे रुग्ण मध्येच गळाले. बाकीची चार अधिक रंजक आहेत.

विसंगतीचं उदाहरण घरचंच आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी व्हिनेगरसारखं आम्ल लावून, पांढरे डाग दिसतात का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायची तपासणी स्वस्त आहे, प्रयोगशाळा लागत नाही. तिने मृत्यू कमी होतात का? भारतात तीन मोठ्या चाचण्या झाल्या. तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात परिचारिकांनी केलेल्या एकाच फेरीनंतर मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या चाचणीत जेमतेम शिकलेल्या, पण नीट तयार केलेल्या स्थानिक कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या करत होत्या. तिथे घट ३१ टक्के. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने झालेल्या चाचणीत मात्र या तपासणीचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. तिथे चमकली ती वेगळीच तपासणी. १,३१,७४६ स्त्रियांच्या या अभ्यासात चार गट होते आणि ज्या गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी आयुष्यात एकदाच तपासणी झाली, त्यात आठ वर्षांत ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात ६४. व्हिनेगरच्या गटात ५६.

तिन्ही चाचण्या प्रामाणिक, तिन्ही भारतातल्या, निकाल एकसारखे नाहीत. याचा अर्थ कोणी तरी चुकलं असा होत नाही. डोळ्यांनी पाहायच्या तपासणीत पाहणाऱ्याचा डोळा, त्याची तालीम, फेऱ्यांची संख्या हे सगळं मिसळलेलं असतं. विषाणूची तपासणी यंत्र करतं, ते थकत नाही. समितीने विसंगतीसाठी एक पायरी उतरवली, तर ती नेमकं हेच नोंदवत असते: ही तपासणी तुमच्या जिल्ह्यात किती उपयोगी पडेल हे ती कोण करणार यावर अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्राथमिक तपासणी म्हणून एचपीव्हीला पसंती दिली, त्यामागे धाराशिवच्या खेड्यांतल्या बायकांचाही पुरावा आहे. याच चाचण्यांत तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवलं, यावर पुढे मोठा नैतिक वाद झाला. पुराव्याच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही. या पुस्तकात मात्र त्यावर वेगळं प्रकरण आहे.

अप्रत्यक्ष पुरावा म्हणजे ज्याचं उत्तर हवं त्याच्या शेजारच्या प्रश्नाचं उत्तर. स्टेरॉइडच्या गोष्टीत रुग्ण शेजारचे होते. कधी परिणामच शेजारचा असतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके चुकणाऱ्या रुग्णांना मृत्यूचा धोका जास्त असतो, हे १९८०च्या दशकात माहीत होतं. एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड या गोळ्यांनी चुकीचे ठोके दबतात, हेही दिसत होतं. दोन्ही विधानं खरी. त्यांना जोडून हजारो डॉक्टर त्या गोळ्या लिहून देत होते. अमेरिकेत झालेल्या चाचणीचा १९९१ सालचा अहवाल सांगतो: गोळी घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, बिनऔषधी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. ठोके दबले होते, माणसं गेली होती. रक्तातली साखर, हाडांची घनता, गाठीचा आकार अशा आकड्यांवर औषधं खपवणाऱ्या प्रत्येक जाहिरातीशेजारी या दोन संख्या छापायला हव्यात.

या बाबतीत थोडी गंमतही आहे. ‘पॅराशूटचा उपयोग यादृच्छिक चाचणीने कुठे सिद्ध झालाय?’ असा तिरकस लेख २००३ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला होता. पंधरा वर्षांनी अमेरिकेतल्या काही संशोधकांनी ती चाचणी खरंच केली. तेवीस जण, विमानातून उडी, निम्म्यांच्या पाठीवर पॅराशूट, निम्म्यांच्या पाठीवर रिकामी सॅक. कोणालाही इजा नाही, पॅराशूट निरुपयोगी! शेवटी बारीक अक्षरांत कळतं की विमान जमिनीवर उभं होतं. चाचणीत दोष शोधून सापडणार नाही. तिचा आकाशाशी संबंध नाही, इतकंच.

अचूकतेचा अभाव हे चौथं कारण. त्याला पुन्हा मुंबईच. स्तनांची हाताने तपासणी करून कर्करोगाचे मृत्यू टळतात का, हे दीड लाखावर स्त्रियांत वीस वर्षं पाहिल्यावर २०२१ साली निकाल आला. एकूण मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो याची कक्षा ‘२९ टक्के फायदा’ ते ‘१ टक्का तोटा’ इतकी होती. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मात्र घट जवळजवळ ३० टक्के. वर्तमानपत्री मथळा कुठला करायचा? उत्साही माणूस दुसरा आकडा उचलेल. कटू अनुभव गाठीशी असलेला संख्याशास्त्रज्ञ म्हणेल, की गटाचे तुकडे पाडत गेलं की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात फायदा दिसतोच. इथे मात्र जैविक कारण पटण्यासारखं आहे, कारण वय वाढलं की स्तनांतली घनता कमी होते आणि गाठ हाताला लागणं सोपं जातं. हा निवाडा माणसांनीच करायचा असतो. ग्रेड त्यांना तो कारणासकट, सगळ्यांना दिसेल असा करायला लावते, एवढंच.

पाचवं कारण म्हणजे न छापलेला पुरावा. नैराश्यावरच्या बारा औषधांच्या अमेरिकी औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या ७४ अभ्यासांचा माग २००८ साली काही संशोधकांनी काढला. प्रशासनाच्या मते अनुकूल असलेले ३८. त्यांपैकी ३७ छापून आले. प्रतिकूल किंवा संशयास्पद ३६. त्यांतले २२ छापलेच नाहीत, ११ अनुकूल वाटावेत असे लिहिले, फक्त तीन जसेच्या तसे आले. छापील पानांवरून मत बनवणाऱ्या डॉक्टरची यात काय चूक?

उलट दिशेला, निरीक्षणाचा पुरावा वर चढू शकतो. परिणाम खूप मोठा असेल, डोस वाढला की परिणाम वाढत असेल, किंवा ज्या त्रुटींचा संशय आहे त्यांनी परिणाम उलट झाकलाच असता, तर. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या कार्यकर्त्यांकडून घरोघर नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्यात ३९ गावांची ४७ गावांशी तुलना होती. गावांचे गट योगायोगाने पाडलेले नव्हते, त्यामुळे काटेकोर परीक्षकाने नाक मुरडायला जागा होती. पण १९९९ साली जाहीर झालेली नवजात मृत्यूंतली घट ६२ टक्के होती. इतका मोठा फरक गावांमधल्या किरकोळ फरकांनी समजावणं कठीण. तरीही जगाने थांबून पाहिलं, आणि ते बरोबरच होतं. उत्तर प्रदेशातल्या शिवगडमध्ये, बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये योगायोगाने गट पाडून चाचण्या झाल्या, त्यांतही मृत्यू घटले, आणि २०११पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामात नवजात बाळाच्या घरभेटी देशभर आल्या. घट सगळीकडे ६२ टक्के नव्हती. सिल्हेटमध्ये ३४ होती. पहिल्या प्रयोगातला आकडा पुढे सहसा खाली येतोच, आणि त्याने पहिल्याचं मोल कमी होत नाही.

तज्ज्ञांच्या मताचं काय? जुन्या शिडीत त्याला तळाची का होईना पायरी होती. ग्रेडने तीही काढून घेतली आणि ज्येष्ठांत याबद्दल नाराजी आहे. ‘माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात’ या शब्दांना आपल्याकडच्या वैद्यकीय परिषदांत केवढं वजन असतं, हे तिथे बसलेल्या कोणालाही माहीत आहे. ग्रेडचं म्हणणं असं, की अनुभव हासुद्धा निरीक्षणाचा पुरावाच आहे, फक्त न मोजलेला. तीस वर्षांत किती रुग्ण पाहिले, त्यांतले किती पुन्हा आलेच नाहीत, ते मांडा. मग त्याची प्रत ठरवू. मत लागतं ते पुराव्याचा अर्थ लावायला.

आता दुसरा निवाडा, सल्ल्याचा. खात्री उच्च असली की सल्ला ठाम, हे समीकरण सोपं आणि चुकीचं आहे. अमेरिकेत १९८०च्या सुमारास ताप आलेल्या, कांजिण्या किंवा फ्लू झालेल्या मुलांना अॅस्पिरिन देणं आणि रे सिंड्रोम हा मेंदू-यकृताचा जीवघेणा आजार, यांचा संबंध दिसू लागला. यादृच्छिक चाचणी नव्हती आणि करणं शक्यही नव्हतं. पण तापावर दुसरं औषध होतं, अॅस्पिरिन टाळल्याने मुलाचं काही बिघडणार नव्हतं, आणि पणाला लागला होता जीव. पुरावा निरीक्षणाचा, सल्ला ठाम. १९८० साली तिथे नोंदलेले रुग्ण ५५५ होते. १९९४नंतर वर्षाला दोनाहून जास्त नाहीत.

उलटही घडतं. लय बिघडलेल्या हृदयात गुठळी होऊन लकवा होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी. फायदा सिद्ध, रक्तस्रावाचा धोकाही सिद्ध. कॅनडातल्या एका अभ्यासात डॉक्टरांना आणि अशा रुग्णांना वेगवेगळं विचारलं: लकवा टाळण्यासाठी किती रक्तस्राव पत्करायला तयार आहात? रुग्णांची तयारी डॉक्टरांपेक्षा जास्त निघाली. लकव्याने अंथरुणाला खिळून दुसऱ्याच्या हाताने जेवणं म्हणजे काय, याची भीती ज्याची त्यालाच. आकडे दोघांपुढे सारखेच होते. सशर्त सल्ल्याचा अर्थ हाच: इथे डॉक्टरने खुर्ची पुढे ओढून विचारायचं असतं. ओपीडीत बाहेर ऐंशी जण थांबलेले असताना हे कसं करायचं, याचं उत्तर कुठल्याही समितीकडे नाही, आणि या पद्धतीवरचा हा सर्वांत रास्त आक्षेप आहे. दुसरा आक्षेप असा, की एकाच पुराव्यावर दोन समित्या वेगळ्या पायऱ्या देतात. तिसरा असा, की ‘सशर्त’ हा शब्द छापील गाइडलाइनमधून डॉक्टरच्या टेबलावर येईपर्यंत गळून पडतो आणि उरतो तो नुसता ‘द्या’.

करोनाच्या दिवसांत हे गळणं सगळ्यांनी पाहिलं. बऱ्या झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा द्यायची कल्पना तर्काला धरून होती. महाराष्ट्र सरकारने जून २०२० अखेर ‘प्लॅटिना’ नावाचा मोठा प्रकल्प सुरू केला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर केलेली यादृच्छिक चाचणी त्याच वर्षी ऑक्टोबरात छापून आली. आजार बळावणं किंवा मृत्यू, प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के, न मिळालेल्यांत १८. म्हणजे मध्यम आजाराच्या रुग्णांत फरक नाही, हे जगाला लवकरात लवकर सांगणाऱ्यांत भारतच होता. तरीही एप्रिल २०२१मध्ये पुण्या-मुंबईत व्हॉट्सअॅपवर प्लाझ्मासाठी हाका चालूच होत्या, नातेवाईक रक्तपेढ्यांबाहेर रांगा लावत होते. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघाला मे महिन्यात. त्या सात महिन्यांत पुरावा कमी पडला नव्हता. मरणाच्या दारात उभ्या माणसाच्या मुलाला ‘याचा उपयोग नाही’ हे सांगायला जी भाषा लागते, ती कमी पडली होती.

उलट ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड जून २०२०मध्ये पुढे आणलं, आणि त्यातला तपशील प्रतवारी शिकवायला आदर्श आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांत ते १४ होते, औषध घेणाऱ्यांत १७.८, हा वाढीचा आकडा निर्णायक नव्हता, पण फायद्याचं चिन्हही नव्हतं. म्हणून सल्ले दोन निघाले: गंभीर आजारात ठामपणे द्या, साध्या आजारात देऊ नका. दुसऱ्या लाटेत घरी बसून, ऑक्सिजन उत्तम असताना, पहिल्याच दिवसापासून स्टेरॉइड घेणाऱ्यांनी फक्त पहिला सल्ला ऐकला होता.

पुढची प्रकरणं या रकान्यांतून एकेक करून जातात: गट कसे पाडतात, चाचण्यांची बेरीज कशी करतात, कंपन्यांचा पैसा कुठून आत शिरतो, आयुर्वेदाच्या औषधांना हीच मापं लावायची का, आणि ज्या आजारांवर श्रीमंत देशांत चाचण्याच होत नाहीत, सर्पदंश किंवा काळा आजार, त्यांच्यासाठी पुरावा आणायचा कुठून. शेवटच्या प्रश्नाला इतिहासात एक चोख उत्तर आहे. मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने १९३ गरीब रुग्णांचे योगायोगाने दोन गट पाडले. निम्म्यांना आरोग्यधामात खाट, विश्रांती आणि चांगलं जेवण. निम्म्यांना झोपडीतल्या घरीच गोळ्या. दोन्हीकडे आजार बरा होण्याचं प्रमाण जवळपास सारखं आलं, आणि घरच्या माणसांना लागण जास्त झाली नाही. तोवर आरोग्यधामाशिवाय क्षयाचा विचारच होत नव्हता. पहिलं प्रकरण त्या केंद्रापासून सुरू होतं.